बाथला एक दिवस: रोमन कुंड, गच्चीवरचं गरम पाणी आणि आईचे गुडघे

शेवंती_म्हापसा

नमस्कार मंडळी,

धाकटा भाऊ इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. दिवाळी आटोपली की आईला घेऊन त्याच्याकडे जायचं नक्की झालंय. त्याला सुट्टी फारशी नाही, म्हणून लांबचे बेत रद्द. लंडन एकदा उरकायचं आणि एक पूर्ण दिवस बाथला, म्हणजे तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात घालवायचा, असं ठरतंय.

अडचण आईची आहे. म्हणजे आई अडचण नाही, तिचा उत्साह अडचण आहे. रोमन लोकांचं गरम पाण्याचं कुंड म्हटल्यावर तिने लगेच विचारलं, "आंघोळीला कपडे कुठले न्यायचे?" भाऊ म्हणतो, त्या कुंडात कोणालाच उतरू देत नाहीत, नुसतं बघायचं. त्यावर आई म्हणाली, "बघायला मला केसरवाळची झर आहे, तीही तिकीट न काढता."

वय सत्तरीच्या घरात, दोन्ही गुडघे कुरकुरतात, बीपीची गोळी चालू आहे. सोमवारी तिला अंडंसुद्धा चालत नाही आणि भावाला नेमकी सोमवारची सुट्टी मिळतेय. तर जाऊन आलेल्यांनी नीट सांगा. पाण्यात उतरता येतं का, कुठे येतं, म्हाताऱ्या माणसाला झेपतं का, आणि खायचं काय? वेबसाइटी वाचून झाल्यात. त्यात सगळीच माणसं पंचविशीतली आणि ओली आहेत.

दर्यावर्दी

पौंड मोजून गरम पाण्यात बसायचं हे काही पटत नाही बुवा. राजापूरजवळचं उन्हाळे, आपलं गरम झऱ्याचं गाव, काय वाईट आहे? पणजीहून पहाटे निघा, कणकवलीला घावणे-चटणी खा, दुपारच्या आत पाण्याखाली. गंगा आलेली असेल तर चौदा कुंडांचं पुण्यही पदरात. तिथे कोणी "ऑनलाइन बुकिंग केलंय का" असं विचारत नाही.

बोंडला

दर्यावर्दीबाब, ती भावाला भेटायला चाललीय. भाऊ राजापूरला असता तर तिने राजापूरचं विचारलं असतं. :)

वाचतेय. मलाही पुढेमागे जायचंय.

स्विंडनकर

शेवंतीताई, मी मूळचा कुडचड्याचा, आता बरीच वर्षं इथेच. गावाकडून कोणी आलं की त्यांना बाथला न्यायची ड्युटी माझी, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. बाथला पाणी एका जागी बघायचं, दुसऱ्या जागी प्यायचं आणि तिसऱ्या जागी त्यात उतरायचं. तिन्ही जागा एकमेकींपासून पाच मिनिटांच्या चालीवर. लोक या तिन्हींचा घोळ घालतात आणि मग "तिकीट काढलं पण आंघोळ नाही मिळाली" म्हणून चडफडत परततात.

बघायची जागा म्हणजे रोमन बाथ्स. मोठं हिरवं कुंड फोटोत दिसतं ते हेच. भाऊ म्हणतो तसं, इथे बोटसुद्धा बुडवायचं नाही, पाटी लावलेली आहे. पूर्वी उतरू देत असत. १९७८ साली त्या पाण्यात पोहलेली एक मुलगी अमीबामुळे होणाऱ्या मेंदूच्या आजाराने गेली आणि तेव्हापासून आंघोळ बंद. पुढे नवीन विंधनविहिरी घेऊन खोलवरून स्वच्छ पाणी काढायची सोय केली. पण शहराला लोकांसाठी गरम पाण्याचं स्नानगृह परत मिळायला २००६ साल उजाडलं.

ते २००६ सालचं म्हणजे थर्मी बाथ स्पा. ही उतरायची जागा. निकोलस ग्रिमशॉ या वास्तुरचनाकाराची काचेची इमारत, जुन्या दगडी इमारतींच्या मधोमध बसवलेली. काम रखडलं, खर्च फुगला, स्थानिक लोकांनी पोटभर शिव्या घातल्या. म्हणजे आपल्याकडच्या पुलांसारखंच सगळं. पण झाल्यावर मात्र छान झालं. खाली मिनर्व्हा नावाचा बंदिस्त तलाव, मध्ये वाफेच्या खोल्या, आणि गच्चीवर उघडा तलाव. पाणी त्याच झऱ्यांचं, पण शुद्ध करून साधारण साडेतेहतीस अंशांवर ठेवलेलं, म्हणजे अंगाला सुखाचं. उभं राहिलं तर छातीपर्यंत येतं, पोहता यायला हवं असं अजिबात नाही. लिफ्ट आहे. टॉवेल, झगा आणि सपाता तिकिटातच मिळतात. साधारण दोन तासांचं सत्र असतं, सोमवार ते शुक्रवार दर कमी, म्हणजे भावाची सोमवारची सुट्टी तुमच्या पथ्यावरच पडली.

प्यायची जागा पंप रूम, रोमन बाथ्सला चिकटूनच. तीच खायची जागाही. १७९५ची इमारत, उंच छत, झुंबर, कोपऱ्यात पियानो आणि व्हायोलिनवाले. तिथला दुपारचा चहा करायचाच.

आता क्रम. स्विंडनहून ट्रेनने अर्ध्या तासाच्या आतबाहेर. चिपनमनंतर बॉक्सचा बोगदा लागतो, ब्रुनेल या इंजिनियरने बांधलेला, १८४१चा, जवळपास तीन किलोमीटर लांब. आईंना खिडकीजवळ बसवा. स्टेशनपासून सपाट रस्ता, गुडघ्यांना त्रास नाही. सकाळी दारं उघडताच रोमन बाथ्स, मग चहा, मग जरा गावात फिरा आणि दिवस कलायला लागला की स्पा. नोव्हेंबरात चार-साडेचारलाच अंधारतं. त्या थंडीत गच्चीवरच्या पाण्यातून वाफा उसळतात तेव्हा जे वाटतं ते भर उन्हाळ्यात वाटत नाही. फक्त नोव्हेंबरच्या शेवटी ख्रिसमस मार्केट सुरू होतं, त्याच्या आत जाऊन या. नाहीतर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार परवडला.

शेवंती_म्हापसा

स्विंडनकरबाब, हेच हवं होतं. देव बरें करूं! एक विचारायचं राहिलं, ते जरा नाजूक आहे. आईने आयुष्यात स्विमिंग कॉस्च्युम घातलेला नाही. साडी किंवा गाऊन चालेल का?

बोंडला

नाही गं, पोहण्याचेच कपडे लागतात. पण त्यात पूर्ण हातापायांचे सूट मिळतात, वर झग्यासारखं जोडलेलंही मिळतं. माझ्या सासूबाई तसाच घालून दुसऱ्या एका स्पामध्ये उतरल्या होत्या, कोणी ढुंकून पाहिलं नाही. घरी एकदा घालून टबबाथमध्ये बसवून बघ, म्हणजे तिथे पहिल्यांदाच अंगाला चिकटल्यावर "काढ, काढ" होत नाही.

कपडे बदलायला स्त्री-पुरुषांना एकच मोठी जागा असते हे मी वाचलंय. आत दाराच्या बंद खोल्या असतात, पण बाहेर आलं की समोर झगा घातलेला परका बाप्या. आधीच सांगून ठेव त्यांना.

नाडीपरीक्षा

डॉक्टर या नात्याने दोन शब्द. बीपी गोळीवर आटोक्यात असेल तर साडेतेहतीस अंशांच्या पाण्यात बसायला सहसा हरकत नसते, पण जायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. जपायचं ते वाफेच्या खोलीत आणि पाण्यातून बाहेर येताना. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, झटकन उभं राहिलं तर प्रेशर उतरतं आणि भोवळ येते. पायरीवर बसायचं, दम घ्यायचा, मग कठडा धरून उठायचं. मधूनमधून साधं पाणी प्यायचं.

गुडघ्यांना बरं का वाटतं यात जादू नाही. छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं की शरीराचं बरंचसं वजन पाणी उचलतं, सांध्यावरचा भार उतरतो, उबेने स्नायू सैल पडतात. पाण्यातली खनिजं कातडीतून आत जाऊन सांधे दुरुस्त करतात, या समजुतीला फारसा आधार नाही. पण बाथमधल्या जुन्या वैद्यांना अगदीच खोट्यात काढू नका. अठराव्या शतकात तिथे या पाण्याने उपचार करणारं मोठं इस्पितळ होतं आणि शिशाच्या विषबाधेने हातपाय लुळे पडलेले रोगी तिथे खरोखर सुधारत. विसाव्या शतकात प्रयोग झाले, त्यात दिसलं की गळ्यापर्यंत पाण्यात बराच वेळ बसलं की मूत्रपिंडं जास्त काम करतात आणि शिसं लघवीवाटे बाहेर पडतं. साध्या कोमट पाण्यातही तेच होतं. त्यांना कारण माहीत नव्हतं, गुण मात्र येत होता.

आणि तो १९७८चा अमीबा. केरळात अलीकडे त्या जातीच्या आजाराचे रुग्ण सापडले, तुम्ही वाचलं असेल. तो पाणी प्याल्याने नव्हे, नाकातून शिरतो. तेव्हा दर्यावर्दीबाब, राजापूरला किंवा कुठल्याही नैसर्गिक कोमट पाण्यात बसा, पण नाक बुडवून डुबक्या मारू नका.

दर्यावर्दी

घ्या. आता आमचं राजापूरही गेलं.

बरं, हे पाणी तापतं कशाने? इंग्लंडमध्ये ज्वालामुखी आहे असं कधी ऐकलं नाही.

दगडधोंडे

ज्वालामुखी नाहीच, आणि कोकणातही नाही. दोन्हीकडचं तत्त्व सारखं आहे.

बाथच्या नैऋत्येला मेंडिप नावाच्या टेकड्या आहेत, चुनखडीच्या. तिथे हजारो वर्षांपूर्वी पडलेला पाऊस भेगांतून खाली झिरपत गेला, २७०० ते ४३०० मीटर खोल. खोल जावं तसा खडक तापलेला असतो, तिथे पाणी ६० अंशांच्या वर तापलं आणि दाबाखाली भ्रंशरेषेवाटे बाथला वर आलं. वर येईपर्यंत ४६ अंश उरतं. रोमन कुंडाला पाणी देणाऱ्या एकट्या किंग्ज स्प्रिंगमधून रोज साधारण ११ लाख ७० हजार लिटर पाणी निघतं, शिवाय हेटलिंग आणि क्रॉस असे आणखी दोन झरे.

आपल्या कोकणात रत्नागिरीपासून पालघरपर्यंत असे झरे ओळीने आहेत: राजापूर, राजवाडी, तुरळ, आरवली, उन्हवरे, सव, थेट वज्रेश्वरी-गणेशपुरीपर्यंत. इथे चुनखडीऐवजी बेसाल्ट, पण पाणी खोल जाणं, तापणं आणि भेगेतून परतणं तेच. राजापूरचं अंगाला सोसेल इतपत, उन्हवऱ्याचं ७० अंशांच्या आसपास, झऱ्यात थेट उतरायला फार कढत.

गोव्यातल्या झरी वेगळ्या. केसरवाळ, पोंबुर्फा, साळगावची साल्मोना, सगळ्या जांभ्यात मुरलेल्या पावसाच्या, डोंगराच्या पायथ्याशी फुटलेल्या, म्हणून गार. नेत्रावळीच्या बुडबुड्यांच्या तळ्यातही पाणी तापलेलं नसतं, खालून वायू येतो.

जुना_पेडणेकर

उत्तम माहिती, सर. आमच्या लहानपणी पेडण्याहून लोक बैलगाडीने नव्हे, पण बस बदलत बदलत वज्रेश्वरीला जात, त्वचेच्या आजारासाठी. चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर नवस फेडायला बांधलेलं ते देऊळ. पोर्तुगीज राज्यात राहून आम्ही त्या देवीला जात होतो, याची मला अजून गंमत वाटते.

शेवंतीबाय, आईंना घेऊन जाच. एकदा जाऊन आल्यावर इथे लिहायला विसरू नका.

स्विंडनकर

खाण्याचं राहिलं होतं. पंप रूमला फोन करून आधी कळवा, शाकाहारी आणि अंडं नको असं स्पष्ट शब्दांत. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलंत तर अंडं येणार, इथे ते शाकाहारातच धरतात. गावाची प्रसिद्ध खाणी दोन. एक बाथ बन, वरून साखरेचे खडे लावलेला गोड पाव. दुसरा सॅली लन, तो टोपीएवढा मोठा, मऊ, अर्धाच वाढतात. दोन्हींत अंडं असतं, सोमवारी बाद.

घरून डबा न्यायचा असेल तर नदीकाठी बाकं आहेत, पुल्टनी पूल आणि बंधारा समोर दिसतो. मात्र सीगल पक्ष्यांपासून सांभाळा. विनोद नाही हा.

*(तीन आठवड्यांनंतर)*

शेवंती_म्हापसा

आलो जाऊन! जेट लॅग आहे, त्यामुळे लिहिताना इकडचं तिकडे होईल, चालवून घ्या.

सीगलपासून सुरू करते, कारण तोच विषय घरात अजून चालू आहे. वहिनीने पहाटे उठून मेथीच्या पोळ्या केल्या होत्या. नदीकाठी बाकावर बसून आईने पोळीची गुंडाळी केली, लोणचं लावलं, तोंडापाशी नेली आणि मागून पांढरं काहीतरी झपकन आलं. पोळी गेली. आईच्या बोटाला ओरखडासुद्धा नाही, इतकं सफाईदार काम. आई दोन क्षण रिकाम्या हाताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "लोणचं तिखट आहे रे त्याला." भाऊ हसून हसून बाकावरून घसरला.

आता क्रमाने. सकाळी रोमन बाथ्स. आधी वरच्या सज्जावरून कुंड दिसतं. आई म्हणाली, "शेवाळ धरलंय, घासत नाहीत का?" पाटीवर कारण दिलेलं आहे. रोमन काळी वर उंच छप्पर होतं, आता उघडं पडल्यामुळे ऊन लागतं आणि शेवाळ वाढतं. आणखी एक कळलं. आपण ज्याला रोमन रोमन म्हणून फोटो काढतो ते वरचे खांब आणि पुतळे एकोणिसाव्या शतकातले. खरं रोमन ते खाली, पाण्याच्या पातळीला. तळाला शिशाचे पत्रे अंथरलेले आहेत, पंचेचाळीस. ते अजून पाणी धरून आहेत. आमच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग दर पावसाळ्याआधी करावं लागतं, त्या कंत्राटदाराला हे दाखवायला हवं.

खाली उतरल्यावर मात्र आई गप्प झाली. तिथे दगडी कडेला उभं राहिलं की पाण्याची ऊब तोंडाला लागते. झऱ्याचं जादा पाणी रोमनांनीच बांधलेल्या गटारातून अजून नदीकडे जातं. त्याचा आवाज बोळात घुमतो आणि तिथला दगड गंजासारखा तांबूस झालाय. आईने तिथे चक्क हात जोडले. मागून येणारा एक ब्रिटिश कुटुंबाचा ताफा थांबून राहिला, तिचं होईपर्यंत.

राजपुत्राची गोष्टही तिला आवडली. ब्लाडुड नावाचा राजपुत्र, कुष्ठ झालं म्हणून घालवून दिलेला, डुकरं राखत होता. डुकरं गरम चिखलात लोळून बरी होतात हे पाहून स्वतः लोळला आणि बरा झाला, आणि मग तिथे हे शहर वसवलं. इतिहासकार ती दंतकथा मानतात. आई म्हणते, आपल्याकडे गाय असते, त्यांच्याकडे डुक्कर, एवढाच फरक.

पण ती सगळ्यात जास्त वेळ रेंगाळली ते शापाच्या पत्र्यांपाशी. शिशाच्या छोट्या पातळ पत्र्यांवर लोकांनी देवीला लिहिलेल्या तक्रारी. पत्रा गुंडाळायचा आणि झऱ्यात टाकायचा. सुमारे एकशे तीस सापडलेत. देवीचं नाव सुलिस मिनर्व्हा. सुलिस ही तिथली मूळची, मिनर्व्हा रोमनांची, दोघींची मिळून एक केली. तक्रारी बहुतेक चोरीच्या, आणि चोरी कशाची तर आंघोळीला उतरल्यावर काठावर ठेवलेल्या कपड्यांची! सोलिनस नावाच्या माणसाचा अंगरखा आणि वरचं पांघरूण गेलं. तो म्हणतो, नेणारा पुरुष असो की बाई, गुलाम असो की स्वतंत्र, देवळात आणून देईपर्यंत त्याला झोप लागू देऊ नकोस, तब्येत धड ठेवू नकोस. डॉसिमिडिस नावाच्याचे दोन हातमोजे गेले, तर त्याची मागणी आहे की चोराची बुद्धी आणि डोळे जावेत. हातमोज्यांसाठी डोळे! मी मराठीत सांगत होते आणि आई मान डोलवत होती. "गाऱ्हाणंच हे. आपला गावकार घालतो तसंच, 'जो कोण असात तो'. फक्त आपण नारळ ठेवतो."

झऱ्यात १२ हजारांवर नाणीही मिळाली आहेत. ते आईला साहजिकच वाटलं.

शेवटी नळावर शुद्ध केलेलं झऱ्याचं पाणी प्यायला देतात. कोमट, किंचित लोखंडी. मी एका घोटावर थांबले, आईने पेला संपवला. तीर्थ टाकून द्यायचं नसतं म्हणे.

पंप रूममध्ये आधी फोन केला होता, त्याचा उपयोग झाला. आईला काकडीचं सँडविच, फळं आणि अंड्याशिवायचं काही गोड वेगळ्या ताटलीत आणून दिलं. मी आणि भावाने स्कोन, जॅम आणि क्लॉटेड क्रीम. ते क्रीम म्हणजे घट्ट साय. आईने ते चमच्याने नुसतंच खाल्लं आणि "दूध चांगलं आहे यांचं" असा दाखला दिला. व्हायोलिन चालू होतं. बिल आल्यावर तिने पौंडाचे रुपये करायला सांगितलं, मी आकडा निम्माच सांगितला.

मग स्पा. पूर्ण अंगाचा सूट घेतला होता, बोंडलाने सांगितल्याप्रमाणे घरी तालीमही झाली होती. अडलं ते मंगळसूत्रावर. या पाण्याने दागिने काळे पडतात असं वहिनीने ऐकलेलं, म्हणून काढून लॉकरमध्ये ठेवूया म्हणाली. आई तयार होईना. मनगटाला एक पट्टा देतात, त्यानेच लॉकर उघडतो-मिटतो, त्यावरच आत खाल्ल्या-प्यायल्याचं मांडून ठेवतात आणि पैसे बाहेर पडताना द्यायचे. तो पट्टा तीनदा लावून, उघडून दाखवल्यावर ती राजी झाली. दार लावलं आणि म्हणाली, "गेलं तर पत्र्यावर लिहून टाकीन. डोळे नको म्हणावं, नुसती झोप घालव."

लिफ्टने गच्ची. दार उघडलं तशी बोचरी थंडी, झगा खुंटीला टांगेपर्यंत दात वाजले, आणि मग पाणी! मी लिहायचं ठरवलं होतं बरंच, पण तिथे मी काही विचारच केला नाही. ॲबी या जुन्या चर्चचा मनोरा उजळला होता, टेकड्यांवर घरांचे दिवे लागत होते, वाफेत पलीकडची माणसं नुसती डोकी दिसत होती. आई कडेचा दांडा धरून हळूहळू चालत पूर्ण फेरी मारून आली. चालत! जिना चढताना जिचा हात धरावा लागतो ती. पलीकडे तिच्याच वयाची एक इंग्रज बाई होती. दोघींनी एकमेकींना आपापले गुडघे दाखवले आणि माना हलवल्या. बराच वेळ चाललं होतं त्यांचं. भाषा कुठली, देव जाणे.

वाफेच्या खोलीत आईला नेलं नाही, डॉक्टरांनी बजावलं होतं. पायरीवर बसून दम घेऊन मगच उठवलं.

आतल्या रेस्टॉरंटमध्ये झगा आणि सपाता घालूनच सगळे जेवत होते. आईला ते फार विचित्र वाटलं, "आंघोळीच्या कपड्यांत पानावर बसायचं?" मग भाज्यांचं सूप आलं, पाव आला, आणि भूक इतकी लागली होती की तोही विषय मिटला.

नाडीपरीक्षा, प्रामाणिकपणे सांगायचं तर गुडघ्यांना दोन दिवस फार बरं वाटलं, मग मूळपदावर.

नाडीपरीक्षा

तेवढंच होतं. घराजवळ कुठे तरणतलाव असेल तर आठवड्यातून दोनदा पाण्यात चालायला घेऊन जा, तो फरक टिकेल. थंड पाणी असलं तरी चालतं, फक्त हळूहळू उतरायचं.

जुना_पेडणेकर

गाऱ्हाण्याचं वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे देवचाराला, म्हणजे गावच्या राखणदाराला सांगताना चोराचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं आणि तो निर्दोष निघाला तर उलटतं, अशी समजूत. त्या रोमनांनीही 'पुरुष असो की बाई' असं मोघम ठेवलं ते त्याचसाठी असेल का?

दगडधोंडे

काका, काही पत्र्यांवर संशयितांची नावं सरळ यादी करून दिलेली आहेत. म्हणजे सगळेच तुमच्याइतके सावध नव्हते. काहींनी तर अक्षरं उलटी लिहिलीत.

दर्यावर्दी

वर्णन झकास. पण एक विचारतो, सगळं मिळून खर्च किती आला? आईंना सांगितलेला आकडा नको, खरा सांगा.

शेवंती_म्हापसा

तो भाऊ आणि वहिनीलाच माहीत, मला त्यांनी पाकीट काढू दिलं नाही. स्पाचे दर वारानुसार बदलतात, त्यामुळे जायच्या वेळी त्यांच्याच साइटवर बघा. तिथे सगळ्यात महाग तेच, रोमन बाथ्स त्यामानाने कमी.

पाटल्यो

धागा आत्ता पाहिला. आम्ही मे महिन्यात जातोय, मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याला गच्चीवरच्या पाण्यात नेता येईल ना?

स्विंडनकर

नाही. मुख्य इमारतीत सोळा वर्षांखालील कोणालाच सोडत नाहीत, आईबाप बरोबर असले तरी. तुम्ही दोघं आलटून पालटून जा, एकाने मुलाला घेऊन पुल्टनी पुलापाशी बोटीत बसा. आणि हातात खायचं काही घेऊन बसू नका.